कूलर चालू हाय, पण खोली गार होऊन नाही राह्यली: खारपाणपट्ट्यातल्या उन्हाळ्याचं दुखणं

"भाऊ, पानी भरलं हाय, मोटर फिरून राह्यली, पंप बी चालू हाय. तरी हवा गरमच येऊन राह्यली. काहून?"

एप्रिल संपत आला की आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, गावात हा प्रश्न सुरू होतो, तो मृग लागेपर्यंत थांबत नाही. माझा धंदा शेतीचा. कूलर खोलून बसणं ही नुसती हौस. पण हौशी माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात मला मागणी बरी असते. बहुतेक घरांत ठरलेलं असतं: दुरुस्तीवाला येतो, मोटर नाहीतर पंप बदलून जातो, चार-आठ दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच रडगाणं. चार-आठ दिवस बरं वाटतं ते नव्या मोटरीमुळे नाही. मोटर बसवताना त्याने ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवत भरलेल्या जाळ्या) काढून झटकलेल्या असतात आणि टाकी धुतलेली असते, त्यामुळे.

माझं मत असं की मोटरीला हात लावायच्या आधी दोन गोष्टी पाहायच्या. खोलीतली हवा बाहेर जायला वाट आहे का, आणि टाकीतल्या पाण्यात मीठ किती साचलंय. आमच्या खाऱ्या पाण्याच्या भागातल्या बहुतेक तक्रारी इथंच मिटतात.

दार लावून बसला असाल तर आधी ते उघडा

हे सांगितलं की घरातली मोठी माणसं माझ्याकडे संशयाने पाहतात. बाहेर ४५ अंश, उन्हाची झाव (झळ) लागते, आणि हा म्हणतो दार उघडा! एसीमुळे ही सवय लागली आहे. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलरचं उलट आहे. पाण्याची वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं, हवा गार होते, पण तेवढीच दमटही होते. ही दमट हवा खोलीतच कोंडली तर कूलर तीच पुन्हा ओढतो. आधीच ओल्या झालेल्या हवेत पाण्याची वाफ कमी होते, म्हणजे गारवाही कमी. तासाभरात अंगाला चिकचिक सुटते आणि माणूस म्हणतो, कूलर बिघडला.

म्हणून कूलरची पाठ घराबाहेर हवी. खिडकीत बसवलेला असो की स्टँडवर ठेवून खिडकीला लावलेला, त्याने हवा बाहेरची कोरडीच ओढली पाहिजे. आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी हवा निघेल एवढी उघडी पाहिजे. तपासायला अगरबत्ती पुरे. उघड्या फटीशी धरा. धूर बाहेर जात असेल तर ठीक. जागेवरच घुटमळत असेल तर आणखी उघडा. धूर आत येत असेल तर कूलर खोलीतलीच हवा फिरवतो आहे असं समजा.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा १५-२० टक्क्यांपर्यंत खाली येतो. अशा ४५ अंशांच्या हवेत चांगल्या ओल्या ताट्यांमधून येणारा वारा २८ ते ३० अंशांपर्यंत उतरू शकतो. एवढा फरक कोकणातल्या माणसाला कूलरमधून कधी मिळणार नाही. विदर्भात कूलर घरोघरी आहे तो ह्या कोरड्या उन्हामुळेच. तेव्हा नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, तुमच्या कूलरची हवा कोमट लागत असेल तर "ऊनच लय हाय" हे उत्तर नव्हे. ऊन जितकं कोरडं तितकं कूलरचं काम सोपं.

टिनाची खोली मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथं हवा गार असूनही वरून तापलेला टिन डोक्यावर उष्णता फेकत राहतो, आणि त्यावर कूलरकडे इलाज नाही. टिनावर बाहेरून चुना मारा, आतून जुन्या पोत्यांचं नाहीतर कापडाचं छत बांधा. छतावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पसरायचा सल्ला पूर्वी सगळेच देत. घराजवळून विजेची तार जात असेल तर मी तो देत नाही. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

बर्फाचंही इथंच सांगून टाकतो, कारण पोट्टे फ्रिजमधला सगळा बर्फ टाकीत ओततात आणि मग पाहुण्यांच्या सरबताला उरत नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खेचतो, त्याच्या साधारण सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना नेतं. मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उडवतो. त्यापुढे बर्फाच्या दोन ट्रे म्हणजे काहीच नाही. टाकी दुपारभरात रिकामी होते म्हणून गळती शोधत बसू नका. पाणी उडतंय म्हणजेच कूलर काम करतोय. उलट सकाळी भरलेली टाकी संध्याकाळीही तशीच भरलेली दिसली तर काळजी करा.

मीठ

आता मूळ दुखणं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. इथल्या बोअरचं आणि विहिरीचं पाणी माणसाला पिववत नाही, पण कूलरला मात्र आपण बिनदिक्कत पाजतो. दुसरं काय करणार? नळाचं गोडं पाणी पिण्या-रांधण्यापुरतंच येतं, ते कूलरमध्ये ओतायला घरची बाई कधी देणार नाही आणि देऊही नये.

हिशोब करून पाहा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणपट्ट्यात अनेक बोअर ही हद्द ओलांडतात. समजा तुमच्या पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम क्षार आहेत. दिवसाला १२० लिटर पाणी उडालं. वाफ होऊन फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणजे एका दिवसात ३६० ग्रॅम आणि आठवड्यात अडीच किलो! एवढं मीठ कुठं जाईल? थोडं टाकीच्या तळाशी, थोडं पंपाच्या जाळीवर, पण सगळ्यात जास्त ताटीच्या गवतात आणि वरच्या पाइपच्या भोकांत.

भोकं बुजली की त्या भोकाखालची ताटी कोरडी पडते. बाहेरून ताटी ओलीच दिसते, कारण शेजारच्या भोकांचं पाणी पसरलेलं असतं. पण मधे उभा कोरडा पट्टा तयार होतो आणि त्यातून ४५ अंशांची झाव सरळ खोलीत शिरते. ओल्या भागातून आलेली गार हवा आणि कोरड्या भागातून आलेली गरम हवा एकत्र झाली की हाती येते कोमट हवा. तक्रार बरोबर हीच असते.

हे शोधायला पंखा बंद करून फक्त पंप दहा मिनिटं चालू ठेवा, मग सगळं बंद करा, प्लग काढा आणि तळहात ताटीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. कोरडा पट्टा हाताला लगेच कळतो. त्याच्या बरोबर वरचं भोक बुजलेलं असणार. पाइप काढून भोकं मोकळी करायला बाभळीचा काटा उत्तम. खिळ्याने भोक मोठं होतं आणि मग एकाच जागी धार लागते. पाइप एकदा उलटा धरून त्यातून पाणी सोडा, आतला गाळ निघून जाईल.

वरून फट पडली आहे का तेही पाहा. गवत ओलं होऊन खाली बसतं आणि ताटीच्या वरच्या कडेला चार बोटं मोकळी जागा राहते. हवेला कष्ट नकोच असतात, ती तिथूनच येते. उरलेलं गवत भरून जाळी पुन्हा आवळा.

साचलेला पांढरा थर कशाचा आहे हे कळलं तर काढणं सोपं जातं. त्याचा खडा फोडून वाटीभर साध्या पाण्यात टाका. विरघळला तर मीठ. त्याला औषध साधं पाणीच. नाही विरघळला तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुना, म्हणजे जड पाण्याचा क्षार. तो लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर भिजवला की सुटतो. आमच्याकडे दोन्हीची मिसळ निघते. पत्र्याच्या टाकीत मात्र लिंबूसत्वाचं पाणी भिजत ठेवू नका, जस्ताचा थर खाऊन टाकेल. पाइप, जाळी, पंपाचं झाकण बादलीत काढून घेऊनच भिजवा. मोरीत टाकायचं अॅसिड तर कूलरच्या जवळसुद्धा नको.

पण साफ करण्यापेक्षा साचूच न देणं महत्त्वाचं. लोक काय करतात, टाकीतलं पाणी कमी झालं की वरून पाइप सोडून भरतात. पुन्हा कमी झालं, पुन्हा भरतात. जुनं मीठ तिथंच, वर नवं मीठ. चौथ्या दिवशी टाकीतलं पाणी जिभेला लावलं तर तोंड कडू होतं. ह्यावर इलाज एकच: रोज सकाळी भरण्याआधी तळाशी उरलेलं सगळं पाणी खालचं बूच काढून सोडून द्यायचं. उन्हाळ्यात पाणी फेकायचं म्हणजे जिवावर येतं, मला माहीत आहे. पण ते दहा-बारा लिटर पाणी नाही, ते मिठाचा पाक आहे. ते परसातल्या वांग्या-पालकाला घालू नका, जमीन खराब होते. आधीच आपली काळी माती ह्या पाण्याने चिकट झालेली आहे. मी ते अर्थिंगच्या खड्ड्यात ओततो. तिथं ओल आणि मीठ दोन्ही लागतं. नळी त्याने लवकर गंजते, तेवढं दोन-तीन वर्षांनी पाहून घ्यावं लागतं.

दुसरं, आठवड्यातून एकदा बादलीभर गोडं पाणी ताट्यांवर वरून हळूहळू ओता, तिन्ही बाजूंना थोडं थोडं. त्या वेळी कूलर बंद, प्लग बाहेर, आणि खालचं बूच उघडं. गवतातलं मीठ धुऊन निघतं. एवढं एक बादली पाणी घरातून मागून घ्यायला हरकत नाही. आमच्या घरी ती बादली सोमवारी मिळते आणि त्यावर वाद होत नाही.

आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी "तसंही वाया जाते" म्हणून कूलरमध्ये भरणारे बरेच आहेत. ते पाणी बोअरच्या पाण्याहून खारं असतं. यंत्राने गोडं पाणी तुम्हाला दिलं आणि उरलेलं सगळं मीठ त्या पाण्यात टाकलं. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा.

गवताची ताटी घ्यावी की पुठ्ठ्याच्या जाळीची, हेही विचारतात. पुठ्ठ्याची जाळी गोड्या पाण्यावर चांगली, जास्त दिवस टिकते, गारवाही जास्त. खाऱ्या पाण्यावर तिची बारीक भोकं बुजतात आणि मग ती महागाची वस्तू दगड होते. आपल्या पट्ट्यात गवतच बरं, दर वर्षी नवं भरायचं. वाळ्याच्या ताटीचा वास सगळ्यांनाच आवडतो, पण खाऱ्या पाण्यात तो वास आठवडाभरही राहत नाही.

संध्याकाळी सातनंतरच हवा कमी होते?

मग कूलर सोडा, बल्बाकडे पाहा. तोही पिवळा झाला असेल तर लाईन डिम आहे. २३० व्होल्टच्या जागी १७० आले की पंखा मंदावतो आणि पंप पाणी वरपर्यंत चढवत नाही, ताट्या वरून सुकतात. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) लोड तुम्ही पाना फिरवून कमी होणार नाही. सहा वाजताच पंप चालवून ताट्या चिंब करून ठेवा. मोटर नुसती घुं करते आणि फिरत नाही, अशा वेळी ती तशीच चालू ठेवू नका, आतली तार जळते.

व्होल्टेज ठीक असतानाही घुं करत असेल तर प्लग काढून पातं हाताने फिरवा. सहज फिरलं तर कंडेन्सर गेला. त्यावर मायक्रोफॅरडचा जो आकडा छापलेला असतो तोच आकडा असलेला नवा आणा. जड फिरलं तर बुश सुकला, तेलाचे दोन थेंब सोडा. पंप वारंवार जळत असेल तर तो कोरडा चालतो आहे. पाण्यात बुडालेला असतानाच तो थंड राहतो. पंपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला तर गवताची काडी आत जात नाही.

हात लावला की झिणझिण्या

इथं थांबा. गारवा नंतर.

पत्र्याचा कूलर, खारं पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा करंट जास्त वाहून नेतं, त्यामुळे आपल्याकडे धोकाही जास्त. दर उन्हाळ्यात विदर्भात कुठं ना कुठं कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, आणि बरेचदा ती कूलरमध्ये पाणी भरताना किंवा लहान पोराने पत्र्याला हात लावल्याची असते. "थोडं झिणझिणते, पण चालते" असं कोणी म्हणालं तर मी तो कूलर बंद करूनच त्या घरातून निघतो.

पंपाची वायर जोडून टेप गुंडाळलेली असेल आणि तो जोड टाकीत लोंबत असेल तर आजच बदला, सलग वायर घाला. प्लग तीन पिनचाच हवा. पण तीन पिन असून भागत नाही. गावातल्या बऱ्याच बोर्डांत तिसऱ्या भोकाला मागे तारच जोडलेली नसते, ते वायरमनकडून उघडून पाहून घ्या. एमसीबीवर (जादा लोड आला की पडणाऱ्या बटणावर) विसंबू नका, ती वायर वाचवते, माणूस नाही. माणूस वाचवायला करंट गळला की लाईन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, जिला आपल्याकडे ईएलसीबीच म्हणतात. ती पंप लावला की पडत असेल तर पंपातून करंट गळतो आहे. पडते म्हणून ती काढून सरळ जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग बाहेर. घरात हा एकच नियम ओरडून शिकवावा.

वास, आखडलेलं अंग आणि डास

माझ्या मायला कूलर नको असतो. "पायटे अंग आखडते," म्हणते, आणि ते खरं आहे. पहाटे तीननंतर बाहेरची हवा आपणहून उतरते, वर कूलरचा ओला झोत थेट गुडघ्यांवर. दोन वाजता कोणीतरी उठून पंप बंद करायचा आणि पंखा तसाच ठेवायचा. ताट्या अर्ध्या तासात सुकतात. त्याने वासही जातो, कारण रात्रंदिवस ओल्या राहणाऱ्या गवतातच शेवाळ आणि बुरशी धरते. ज्या पोरांना कूलर लावल्यावर शिंका येतात, त्यांच्या घरी हे आठ दिवस करून पाहावं आणि खाट झोतासमोरून हलवावी. दम लागत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

कोरडा दिवस पाळा असं आशाताई (गावची आरोग्य कार्यकर्ती) दर उन्हाळ्यात सांगून जाते, त्यामागचं कारण समजून घ्या. डेंग्यूचा डास, एडिस, साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी केली की ही साखळी तुटते. पण नुसतं पाणी सोडून काम होत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून आतून घासणी फिरवायची. गेल्या वर्षी न घासता ठेवलेल्या कूलरमध्ये ह्या वर्षी पहिलं पाणी भरलं की आठवड्यात घरात डास होतात, ते कुठून आले म्हणून लोक नाली शोधत फिरतात. हा डास दिवसा चावतो, रात्रीच्या मच्छरदाणीने त्याचं काही बिघडत नाही.

मृग लागल्यावर

पाऊस पडून हवा ओली झाली की तक्रारींची दुसरी लाट येते. ह्यावर दुरुस्ती नाही. ३२ अंश आणि ८० टक्के ओलावा असेल तर उत्तम कूलरही दोन-अडीच अंशांपेक्षा जास्त उतरवू शकत नाही. पंप बंद करा, नुसता पंखा म्हणून चालवा.

कूलर आवरून ठेवताना गवत काढून उकिरड्यावर टाका, टाकी गोड्या पाण्याने घासून दोन दिवस उन्हात वाळवा. तळाला गंज दिसला तर खरवडून आतून डांबरी रंग द्या, पुढच्या वर्षी भोक पडण्याआधी. पंप धुऊन वेगळा पिशवीत. आणि कापूस भरायच्या खोलीत कूलर ठेवूच नका. दिवाळीनंतर तिथं कापसाची गंजी लागते, मोटरीच्या भोकांत रुई जाऊन बसते आणि उंदरं वायर कुरतडतात. ठेवायला दुसरी जागाच नसेल तर मोटरीला पोतं बांधा, आणि मार्चमध्ये बाहेर काढल्यावर प्लग लावायच्या आधी सगळी वायर बोटांतून फिरवून पाहा.